बाबांच्या बर्फातलं पेप्टाइड

१७ ऑक्टो. १९९८, शनि.

लॅबचा डीप फ्रीझर मेला. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, अगदी मुहूर्त काढून. मेकॅनिक गुरुवारी येणार म्हणे. माझ्या गाइड मॅडम पुण्याला मुलीकडे, खालच्या मजल्यावरच्या फ्रीझरला कुलूप, आणि किल्लीवाला गावाला. आत माझ्या पेप्टाइडच्या चाळीस नळ्या. दीड वर्ष अर्ज करकरून परदेशातून आलेला माल. वितळला की माझी पीएच.डी. संपली.

थर्मासमध्ये बर्फ भरून घरी घेऊन आले. पाचूबंदरात वीज सकाळी असली तर दुपारी नसते, घरच्या फ्रीजचा काडीचा भरवसा नाही. बाबा म्हणाले, "कोल्याच्या घरात बर्फाला काय तोटा गो?" मासळीच्या पेटीत बर्फ फोडून घातला, त्यात मूठ मूठ खडे मीठ. नळ्या पिशवीत घालून मधोमध पुरल्या. मी थर्मामीटर घातला, उणे सतरा. बाबांनी आकड्याकडे पाहिलंही नाही. नुसता हात घातला आणि म्हणाले, "धरला आता."

१९ ऑक्टो., सोम.

लक्ष्मीपूजन. आय करंज्या तळतेय आणि मी पेटीपाशी बसून आहे. बाबांनी दोनदा पाणी काढून नवा बर्फ भरला. पिशवी मिठाच्या पाण्यात तरंगत होती. त्यांना म्हटलं, जपून. तर म्हणाले, "पापलेट हाय काय, चिरडायला?"

मग विचारलं, ह्यात हाय तरी काय? चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. म्हटलं, मेंदूत राखणदार पेशी असतात, मायक्रोग्लिया. जंतू आला की त्या भडकतात, विष ओकतात. भडकणं थांबलंच नाही तर शेजारच्या चांगल्या पेशी मरतात. ह्या नळ्यांत एक छोटंसं पेप्टाइड आहे, शरीर निरोप द्यायला वापरतं तसलं. त्या पेशींना 'आता बास' असा निरोप.

"आन त्या ऐकतात?"

"तेच तर बघायचंय."

"तुझी आय ऐकत नाय," म्हणाले. आत झारा आपटल्याचा आवाज.

२२ ऑक्टो., गुरु.

नळ्या परत लॅबमध्ये. सगळ्या गोठलेल्या! बऱ्याचशा लेबलांची शाई गेली होती. पुसून कोरड्या केल्या, पुन्हा नंबर घातले. मॅडमना फोन केला. इतकी वर्षं ओळखते बाईंना, पण अशा हसताना पहिल्यांदा ऐकलं. "मीठ आणि बर्फ! मंगल, तुझ्या वडिलांना लॅबमध्ये नोकरी देऊ या."

घरी सांगितलं. बाबा बाहेर जाऊन ओट्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवत राहिले.

१४ नोव्हें., शनि.



उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतून काढलेल्या पेशी. आदल्या दिवशी पेप्टाइड, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या कवचातलं विष, तिसऱ्या दिवशी रंगाची चाचणी. जितका दाह जास्त तितका गुलाबी रंग गडद. दिवाळीआधी दोनदा केलं होतं, दोन्ही वेळा सगळं सारखंच गडद. माझाच हात बसला नाही म्हणून गप्प बसले होते.

आज विष-एकटं: गडद. पेप. + विष: फिकं. इतकं फिकं की खळग्यांच्या रांगांची ती प्लेट खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली. राखणदार गप्प! निरोप पोचला!!

पेप. एकटं, विष न घालता, ह्या रांगेत किंचित गुलाबी झाक. अगदी किंचित. बहुतेक पेशी ज्यात वाढवतात त्या माध्यमाचाच रंग असणार.

२ डिसें., बुध.

पुन्हा केलं, पुन्हा फिकं. पेशी कमी निघाल्या म्हणून 'पेप. एकटं' ही रांग लावली नाही. ती काही कामाची नाही.

मॅडमनी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर बर्फाची गोष्ट सांगितली. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मी कोळ्याची पोर म्हणून पहिल्या वर्षी ज्यांनी नाकं मुरडली होती, तेसुद्धा. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटलं.

२० जाने. १९९९, बुध.

पाच वेळा झालं. पाचही वेळा फिकं. पेपर धाडला. पहिलं नाव माझं.

बाबा बंदरावर कोणालाही सांगतात, "माझ्या बर्फावर मेंदूचा औषध टिकला." औषध नाही हो बाबा, म्हटलं. "होईल," म्हणाले. माणिकपूरच्या बाजारात आयच्या शेजारी बसणाऱ्या मावशीने काल मला विचारलं, तिच्या नवऱ्याच्या डोक्याला ते देता येईल का? तो पितो फार.

१५ मार्च, सोम.

पेपर स्वीकारला! किरकोळ दुरुस्त्या. मॅडमनी सगळ्या मजल्याला पेढे वाटले. जुलैमध्ये त्या निवृत्त होतायत, म्हणाल्या, "हा माझा शेवटचा पेपर, आणि सगळ्यांत चांगला."

थीसिस माणिकपूरच्या डीटीपीवाल्याकडे टाकायला दिला. पहिलं प्रकरण पाहिलं, 'ग्लिया' दिसेल तिथे 'गालिया' केलंय त्याने. तरी रागावले नाही. इतकी आनंदात आहे मी.

१२ एप्रिल, सोम.

जुन्या नळ्या संपत आल्या. नवी बॅच आली, तीच कंपनी, तेच पेप्टाइड. शेवटच्या आकृतीसाठी एकदा करायचं होतं.

गडद. सगळं गडद.

१७ एप्रिल, शनि.

कंपनीने गचाळ माल पाठवला असणार, असं मॅडम म्हणतात. पत्र लिहिलं. मॅडमचं बरोबरच असेल.

२४ एप्रिल, शनि.

पुन्हा नवी बॅच. गडद. शेजारी जुनीची एक नळी लावली होती. फिकं. म्हणजे हात माझा ठीक, पेशी ठीक, विष ठीक. फरक फक्त नळीचा.

कंपनीचं उत्तर आलं. माल तपासलाय, शुद्ध आहे. सोबत जुन्या-नव्या दोन्हींचा कागद, आकडे हुबेहूब सारखे.

मग जुन्यात काय आहे जे नव्यात नाही?

घरी आले तर आयने विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, डोकं दुखतंय. तिने न विचारता बोंबलाचं सार केलं. दोन घास खाऊन उठले. सार आवडलं नाही असं वाटून आय चिडली, आणि मी तिच्यावर उगीच ओरडले.

१ मे, शनि.

सुट्टी. दिवसभर अंथरुणात पडून छताकडे बघत होते. 'जुन्यात काय आहे' एवढं एकच डोक्यात. मला उत्तर माहीत आहे असं आतून वाटतंय, आणि मी तिकडे बघत नाहीये.

६ मे, गुरु.

खालच्या मजल्यावरची वीणा लशींची तपासणी करते. तिच्याबरोबर डबा खाताना सगळं सांगितलं. तिने चपातीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "जुनं कधी कशात ठेवलं होतंस?"

मी सांगितलं. बर्फाची गोष्ट. ती हसली नाही.

"मासळीच्या पेटीत?"

"नळ्या बंद होत्या."

"दाबायच्या झाकणाच्या ना? आणि पाण्यात तरंगत होत्या?"

मी डबा बंद केला. वीणा म्हणाली, घाबरू नकोस, आधी तपासू. तिच्याकडे चाचणी आहे. चाचणीच्या नळीत आपल्या नमुन्याचा द्रव घालायचा, तासभर गरम ठेवायचा, मग नळी उलटी करायची. जंतूंच्या कवचाचं विष असेल तर आतलं थिजतं आणि पडत नाही. नसेल तर ओघळतं.

१० मे, सोम.

नवं पेप्टाइड: ओघळलं.

आमचं सलाइन, ज्यात पेप्टाइड विरघळवलं होतं: ओघळलं.

जुन्या नळीतलं पेप्टाइड: वीणाने चाचणीची नळी उलटी केली. पडलं नाही. तिने टिचकी मारली. तरी पडलं नाही. दुसरी जुनी नळी, तेच. वीणाने माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिचा हात झटकून टाकावासा वाटला. चूक तिची नव्हती, माहीत आहे.

आता लिहितेच. मासळीच्या बर्फात जंतू असतात, भरपूर. ते बर्फाचं पाणी झाकणातून आत शिरलं, किंवा मी ओल्या नळ्या उघडल्या तेव्हा. जंतू मेले तरी त्यांचं कवच राहतं, ते गोठवून जात नाही, उकळून जात नाही. म्हणजे मी पेशींना आदल्या दिवशी पेप्टाइडबरोबर थोडं विषच पाजत होते. आणि आदल्या दिवशी थोडं विष मिळालेल्या पेशी दुसऱ्या दिवशीच्या विषाला नीट भडकत नाहीत. हे पुस्तकात आहे. मीच पहिल्या वर्षी मॅडमसमोर ह्यावर बोलले होते.

त्या शांत झाल्या नव्हत्या. आधीच भडकून थकल्या होत्या.

दिवाळीआधी एकदाही जमलं नव्हतं. दिवाळीनंतर एकदाही चुकलं नाही. सहा महिने हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. काय म्हणावं मला?

१४ मे, शुक्र.

एक शेवटचा धागा. समजा आत विषही आहे, पण पेप्टाइडही आपलं काम करतंय. असू शकतं ना? तर मग पेप्टाइड काढून टाकून बघायचं. बाबांना म्हटलं, पेटीतलं थोडं पानी हवंय. कशाला ते न विचारता स्वच्छ धुतलेल्या बाटलीत भरून दिलं. दोनदा गाळून दिलं, फडक्यातून.

पेशी लावल्या. उद्या पेप्टाइडच्या जागी फक्त ते पाणी, मी लॅबमध्ये बारीक गाळणीतून गाळून, पुष्कळ पातळ करून.

१७ मे, सोम.

फिकं.

पेप्टाइडचा एक कण नाही त्यात. नुसतं मासळीच्या पेटीतलं पाणी. तोच फिका गुलाबी, पेपरातल्या दुसऱ्या आकृतीतला. प्लेट हातात धरून किती वेळ उभी होते माहीत नाही. मॅडम दारातून म्हणाल्या, "काय गं, छान आलं ना?" मी मान हलवली. हो अशी हलवली. का हलवली?

१८ मे, मंगळ.

लॅबची वही काढली. १४ नोव्हेंबर. 'पेप. एकटं: किंचित गुलाबी (माध्यमाचा रंग?)' माझंच अक्षर. पुढे प्रश्नचिन्ह.

दिसलं होतं मला. पहिल्याच दिवशी. निरोप 'बास' असा असेल तर नुसत्या पेप्टाइडने पेशी गुलाबी का व्हाव्यात? पहिल्या वर्षाच्या पोरालाही हा प्रश्न पडला असता. मलाही पडला, म्हणून तर ते चिन्ह. आणि पुढच्या वेळी मी ती रांग लावलीच नाही. त्यानंतर कधीच नाही. पेपरातल्या पुढच्या चारही वेळा. पेशी कमी होत्या हे एकदाच खरं होतं.

किती पिल्लं मारली मी. एकेका प्लेटला दहा-बारा. डोळेही न उघडलेली, बोटाएवढी. ह्यासाठी.

१९ मे, बुध.

गेले नाही. आयला सांगितलं ताप आहे. तिने कपाळाला हात लावला, म्हणाली, कुठे हाय ताप? मग चादर ओढून दिली.

कोणाला सांगू? सांगितलं तर: पेपर मागे, थीसिसमधली तीन प्रकरणं गेली, फेलोशिप ऑगस्टमध्ये संपतेय. बत्तीस वर्षांची मी, हातात काय? नातेवाईक म्हणतील, शिकून काय केलंस. मॅडमचा शेवटचा पेपर. 'सगळ्यांत चांगला.'

नाही सांगितलं तर: कोणालाच कळणार नाही. वीणा बोलणार नाही. जगात कुणीतरी कधीतरी करून बघेल, त्यांना गडद येईल, ते म्हणतील भारतातला पेपर, असंच असणार. की कुणी माझ्यावर भरवसा ठेवून दोन-तीन वर्षं घालवील? माझ्यासारखंच कुणीतरी.

काही सुचत नाही. रडूही येत नाही धड.

२१ मे, शुक्र.

मासिकाकडून फॉर्म आला. 'सदर निष्कर्ष आमच्या माहितीप्रमाणे खरे आहेत', खाली लेखकांच्या सह्या. मॅडमनी त्यांची केली, ठळक, शाईच्या पेनाने. फॉर्म माझ्यापुढे सरकवला. म्हटलं, घरी वाचून करते. "वाचायचं काय त्यात?" हसल्या. "बरं, सोमवारी आण. सोमवारी टपालात पडलं पाहिजे."

बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी केली. खाल्लं एक.

२३ मे, रवि.

दुपारी किल्ल्याकडे जाऊन आले. उगीच. ऊन मी म्हणत होतं, एक माणूस नव्हता. घरी आले तर ओट्यावर बाबांजवळ दोघे जण बसलेले, आणि बाबा बर्फाची गोष्ट सांगतायत. मला बघून म्हणाले, "हिलाच इचारा." मी सरळ आत गेले.

ते गेल्यावर बाबा आत आले. "काय झालाय गो?"

आणि सांगितलं. सगळं. आय पण दाराशी उभी. मला वाटलं त्यांना कळणार नाही, म्हणून फार सोपं करून सांगत होते, आणि सोपं करताना ते आणखीच वाईट ऐकू येत होतं.

बाबांनी जाळं हातात घेतलं. मग म्हणाले, "बर्फ घान होता?"

"मासळीसाठी चांगला होता. ह्यासाठी नव्हता."

"म्हंजे घानच." हातातलं जाळं खाली ठेवलं. "मग तुझी काय चूक? बर्फ माझा. मीठ माझा. पेटी माझी. बाईंना तसा सांगायचा."

मी ओरडलेच. नाही हो, बर्फाचं नाही नुसतं! ती रांग मी लावायची सोडली. ती लावली असती तर नोव्हेंबरातच कळलं असतं.

"कसली रांग?"

सांगितलं. एका रांगेत नुसतं आपलं औषध घालायचं, दुसरं काही नाही, म्हणजे औषधातच खोट असली तर दिसते. ते औषध म्हणतात म्हणून मीही औषधच म्हटलं.

"मग सोडली कशाला?"

चार वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. म्हटलं, पेशी कमी पडत होत्या.

माझ्याकडे बघत राहिले. मासळीच्या भावात कुणी फसवायला बघतं ना, तेव्हा बघतात तसे. "पोरी, खरा सांग."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बसले. नळाला पाणी नव्हतं. आय बाहेरून म्हणत होती, "नका हो तिला..."

२४ मे, सोम. सकाळ

बाबा पहाटे होडीवर गेलेच नाहीत. सीझनमध्ये ताप असतानाही जातात.

सहा वाजता उठले तर ओट्यावर बसलेले. चुलतभावाच्या लग्नातला पांढरा शर्ट, आयने इस्त्री केलेला, गळ्यापर्यंत बटणं. पायात चपला. म्हटलं, कुठे निघालात? म्हणाले, "तुझ्याबरोबर."

म्हटलं, बाबा, उगीच काहीतरी. तिथे असं कोणी येत नाही. मॅडम काय म्हणतील? लोक हसतील.

"हसू दे. टाळ्या वाजवल्या ना त्यांनी बर्फाला?"

मग मी चिडून म्हटलं, तुम्ही येऊन काय करणार आहात?

"बर्फाचा मी सांगीन," म्हणाले. "रांगेचा तू सांग."

आत येऊन हे लिहितेय. फॉर्म बॅगेत आहे. सही केलेली नाही, फाडलेलाही नाही. काल रात्री ठरवलं होतं की मॅडमना फक्त बर्फाचं सांगायचं. बर्फाची चूक कोणाचीच नव्हती, सगळे कळवळले असते, त्यातून निभावलं असतं कदाचित. आता बाबा मॅडमच्या पुढ्यात बसून बर्फाचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतील, मग थांबतील आणि माझ्याकडे बघतील.

सात दहाची बस चुकली. सात पस्तीसची मिळेल, जायचं असेल तर. बाबा आयला विचारतायत, रुमाल कुठे ठेवलायस? मी अजून केससुद्धा विंचरलेले नाहीत.